सुट्टीत पाणी कोण घालणार?

युगांडातल्या एका शाळेला शेती उभी करून द्यायला मी गेले होते, हे आता नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक झालं आहे. भेटेल तो विचारतो, "तिथे काय लावलं?" यावलकडचे विचारतात केळी कशी आहे, जळगावचे विचारतात ठिबक केलं का. उत्तरं मी देते, पण मी तिथे जो प्रश्न घेऊन गेले होते तो कोणी विचारत नाही. शाळेची बाग दरवर्षी का वाळते?

धुळे जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवलं आणि नोकरीभर शाळेची परसबाग माझ्याकडेच राहिली. पालक, मेथी, वांगी, शेपू, सगळं जानेवारीपर्यंत झकास यायचं. मार्चपासून परीक्षांची गडबड. मे महिन्यात शाळा बंद, हापशाला पाणी नाही, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर. जूनमध्ये मुलं परत आली की वाफ्यांच्या जागी भेगा असायच्या आणि आम्ही पहिल्यापासून सुरुवात करायचो. मातीत खोट नव्हती, बियाण्यात नव्हती, मुलांच्या उत्साहात तर मुळीच नव्हती. सुट्टीतल्या पाण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरलेलं नसायचं एवढंच. आपल्याकडे मुख्याध्यापकांची बैठक होते, बियाणं वाटलं जातं, फोटो मागवले जातात. सुट्टीतल्या पाळीचा कागद मात्र मी कधी पाहिला नाही.

माझं माहेर साक्री तालुक्यात पांझरेकाठी, सासर यावल तालुक्यातलं. म्हणजे एकीकडे फड, म्हणजे पाटाचं पाणी गावानं वाटून घेण्याची जुनी पद्धत, आणि दुसरीकडे केळी. युगांडात मला दोन्ही उपयोगी पडलं.

भाचा कंपालात नोकरीला आहे. त्याच्या ओळखीच्या एका छोट्या स्थानिक संस्थेला शाळेत राहून शेतीचं काम लावून देणारं कोणी तरी हवं होतं. पगार नाही, राहण्या-जेवणाची सोय त्यांची. मी निवृत्त झालेली, तिकीट पेन्शनमधून काढलं. मुंबईहून एंटेबीला २०२३ मध्ये थेट विमान सुरू झालं, त्यामुळे प्रवासाची धास्ती राहिली नाही. घरून निघताना सासूबाईंनी पिशवीत बिबडे आणि काळ्या मसाल्याची पुडी टाकली.

शाळा मसाक्याच्या बाजूला, एका टेकडीच्या उतारावर. कंपालाहून तिकडे जाताना कायाब्वे नावाच्या गावाजवळ रस्ता विषुववृत्त ओलांडतो. वर्गात भूगोलाचा तास घेणाऱ्या मैत्रिणीला मी तिथूनच फोन लावला. आपल्याला वाटतं विषुववृत्त म्हणजे भयंकर उकाडा. पण तो मुलूख समुद्रसपाटीपासून हजार-बाराशे मीटर उंचीवर आहे, शेजारी व्हिक्टोरियासारखं अफाट सरोवर, त्यामुळे दुपारीसुद्धा पारा तिशीच्या आतबाहेरच. पाऊस वर्षातून दोनदा: मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर. काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला ती लाल माती पाहून आधी शंकाच येते, पण त्या मातीत केळीच्या सावलीत कॉफी उभी असते, कॉफीच्या मधल्या जागेत घेवडा, आणि सगळं हिरवंगार.

मी फेब्रुवारीच्या सुरुवातीला पोचले. त्यांचं शालेय वर्ष तेव्हाच सुरू होतं, तीन सत्रांचं, आणि डिसेंबर-जानेवारीत मोठी सुट्टी. ही सुट्टी नेमकी कोरड्या महिन्यांत येते. आपल्या मे महिन्याचा भाऊच म्हणा.

तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांत १९९७ पासून फी माफ झाली, मुलांची संख्या प्रचंड वाढली. दुपारचं जेवण मात्र सरकार देत नाही, ते पालकांकडे. मका, घेवडा किंवा पैसे, असा वाटा घरून यायचा. दुपारी मोठ्या पातेल्यात पोशो शिजायचा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सोबत घेवड्याचं पातळ कालवण. ज्या घरचा वाटा आला नाही ती मुलं जेवणाच्या वेळी फणसाखाली बसून राहायची. आपल्याकडच्या खिचडीवर आपण तक्रारी करतो, मीही पुष्कळ केल्या, पण खिचडी प्रत्येक मुलाच्या ताटात पडते ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते मला त्या झाडाखाली समजलं. शाळेची शेती हवी होती ती एवढ्यासाठी: त्या कालवणात भाजी पडावी आणि वाटा न आलेल्या मुलांचंही ताट वाढलं जावं.

पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी जागा दाखवली. अर्ध्या एकराच्या आसपास, चांगली उताराची. एका कोपऱ्यात लोखंडी कमानी उभ्या होत्या, त्यांवर प्लास्टिकच्या चिंध्या. परदेशातून आलेल्या कोणी तरी हरितगृह उभारून दिलं होतं. भांडारखोलीत ठिबकच्या नळ्यांची वेटोळी पडलेली, फिल्टर गायब, टाकी इतक्या खाली की दाबच मिळणार नाही. जळगावहून गेलेली मी, ठिबक म्हणजे आमचा अभिमान. आमचे दीर केळीच्या एकेका झाडाला मोजून पाणी देतात. पण त्यांना फाटलेली नळी सांधायचा जोड गावातल्या दुकानात मिळतो, फिल्टर तुंबला तर फोनवर माणूस येतो. त्या गावात यातलं काहीच नव्हतं. त्या नळ्यांना मी हात लावला नाही. मुख्याध्यापकांना म्हटलं, आठवडाभर मला नुसतं बघू द्या.

बघण्यात दोन गोष्टी सापडल्या, आणि त्यांच्याविषयी मी कुठल्या माहितीपत्रकात वाचलेलं नव्हतं.

पहिली, केळीच्या सालींची. शनिवारी शिक्षकांसाठी मातोके व्हायचं. मातोके म्हणजे हिरवी केळी, तिकडचं मुख्य अन्न, आपल्या भाकरीच्या जागी. स्वयंपाकाच्या दोन बाया चुलीपाशी बसून छोट्या सुऱ्यांनी केळी सोलायच्या. साल लांबट पट्ट्यांत निघायची आणि चीक लागू नये म्हणून सोललेलं केळ लगेच पाण्यात. मग केळीचं पान देठाची शीर काढून चुलीच्या धगीवर फिरवायचं, मऊ झालं की त्यात सगळी केळी बांधून मोटली करायची. पातेल्याच्या तळाशी पानांचे देठ, त्यावर थोडं पाणी, त्यावर मोटली, वरून पुन्हा पानं. वाफेवर पिवळं झालं की मोटली न सोडताच हातानं दाबून दाबून मऊ करायचं. शेंगदाण्याच्या कुटाची आमटी त्यावर. मी माझ्या पुडीतला काळा मसाला त्या आमटीत घालून पाहिला, एका बाईंनी दोनदा वाढून घेतलं.

तर त्या साली. खतासाठी याहून चांगलं काय, पालाश भरपूर. विज्ञानाचे सर म्हणाले, उद्यापासून साली खड्ड्यात टाकायला लावतो. बाया काहीच बोलल्या नाहीत. संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर चालत गेले तेव्हा दिसलं: दोघींच्या डोक्यावर सालींच्या टोपल्या, आणि दोघींच्या दारी बांधलेल्या शेळ्या त्या टोपल्यांची वाट पाहत होत्या. त्या साली त्यांच्या पगाराचाच भाग होत्या, फक्त कुठे लिहिलेलं नव्हतं. आम्ही सालींना हात लावला नाही. गावातल्या कॉफीच्या गिरणीवरून टरफलं आणली, मक्याची धाटं, उपटलेलं तण, आणि त्याच दोघींच्या गोठ्यातल्या लेंड्या. लेंड्यांच्या बदल्यात त्यांना पुढे शेतातला वाटा द्यायचा ठरला. "फुकटचा कचरा" गावात सहसा नसतोच. आधी विचारावं, हा कोणाचा.

दुसरी गोष्ट शिक्षेची. उशिरा आलेल्या मुलाला, गृहपाठ न केलेल्या मुलीला हातात कोयता देऊन गवत कापायला पाठवायचे. आपल्याकडेही "जा, झाडांना पाणी घाल" ही शिक्षा मी पाहिलेली आहे. मुलांच्या मनात माती आणि अपमान एकत्र बसले की तिथे काय रुजणार? मी मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगितलं, शेतात शिक्षा म्हणून एकही मूल जाणार नाही, ही अट मान्य असेल तरच मी थांबते. त्यांनी विचार करायला दोन दिवस घेतले. मग सकाळच्या प्रार्थनेत त्यांनी स्वतः जाहीर केलं. त्यांचं मला फार मोल वाटतं, कारण शिक्षकांमधून विरोध झाला होता आणि तो त्यांनी अंगावर घेतला.

पाऊस यायच्या आत उतार अडवायचा होता. पी-सहाच्या, म्हणजे प्राथमिक सहावीच्या मुलांना घेऊन आम्ही इंग्रजी ए अक्षराच्या आकाराची चौकट बनवली. दोन लांब सरळ काठ्या, वरची टोकं बांधलेली, मधोमध आडवी काठी, आणि शेंड्यावरून दोरीला लोंबणारा दगड. चौकट जमिनीवर उभी करायची, दोन्ही पायांच्या जागी खुंट्या ठोकायच्या, दोरी आडव्या काठीला जिथे टेकते तिथे खूण. मग चौकट उलट फिरवायची, डावा पाय उजव्या खुंटीवर, उजवा डाव्या. पुन्हा खूण. दोन खुणांच्या बरोब्बर मधली खूण म्हणजे समपातळी. आपल्याकडे पाणलोटाच्या कामांत गावोगाव हे वापरलं आहे. एक मुलगी, वर्गात मागे बसणारी, हिनं विचारलं, मधलीच का? मी उत्तर दिलं नाही, तिच्या हातात चौकट दिली. तिनं ती शाळेच्या सिमेंटच्या ओट्यावर नेली, तिथे उलटसुलट करून पाहिलं आणि परत येऊन सगळ्यांना लुगांडात, तिथल्या भाषेत, समजावलं. त्यानंतर समपातळीची रेघ आखायचं काम तिच्याकडेच राहिलं.

आपण चर खोदून माती खालच्या बाजूला टाकतो. तिथल्या एका शेतकरी बाबांनी सांगितलं, माती वर टाका. पूर्व आफ्रिकेत ही पद्धत रूढ आहे: चराच्या वरच्या अंगाला बांध, पावसागणिक बांधामागे माती साठत जाते आणि काही वर्षांत उताराची आपोआप पायरी होते. बांधावर नेपियर गवत, म्हणजे माती धरली जाते आणि गुरांना चाराही. त्यांचंच ऐकलं.

पाण्याचा हिशेब मुलांनीच केला. पत्र्याच्या छपराचं क्षेत्रफळ मोजलं. शंभर चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे शंभर लिटर. दहा मिलिमीटरच्या एका सरीत हजार लिटर. टाकी दहा हजाराची होती, पन्हळ मात्र अर्ध्याच छपराला. उरलेल्या छपराला पन्हळ बसवली, भाच्यानं आणि त्याच्या मित्रांनी त्याचे पैसे दिले. बाहेरून आणलेला मोठा खर्च तो एवढाच.

आणि मग पालकांची सभा. मी त्या सभेसाठी तयारी केली होती ती लहानपणापासूनच म्हणायला हवी. फणसाखाली चाळीसेक माणसं, बायका जास्त. मी काठीनं मातीत पांझरा काढली. तिच्यावर आडवा बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, पाटाच्या चाऱ्या आणि चाऱ्यांखाली फड. सर लुगांडात सांगत गेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी इथेही सांगते, कारण खान्देशातच आता पुष्कळांना ठाऊक नसतं. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काही शतकांपासून फड पद्धत चालत आली. भिजणारी सगळी जमीन काही फडांत वाटलेली. एका फडात एका हंगामाला एकच पीक, पुढच्या वर्षी पीक दुसऱ्या फडात. आणि बहुतेकांचे तुकडे प्रत्येक फडात. पाणी कमी आहे असं दिसलं तर एखादा फड पडीक ठेवायचा, म्हणजे ज्याचा त्याचा तोटा सारखाच. पाणी देणारा पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार, आणि त्यांचा मोबदला पीक निघाल्यावर धान्यात. माझ्या आजोबांचा तुकडा चारीच्या शेवटाला होता. ते संध्याकाळी ओट्यावर बसून पाटकऱ्याला हाक मारायचे, "खालना वावरले पानी पोचनं का?" हाक मारण्याचा हक्क त्यांना होता आणि उत्तर देणं पाटकऱ्याला भाग होतं. वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी-बोअर झाल्या, फड पुष्कळ ठिकाणी मोडले. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण बंधारा पुन्हा बांधता येईल पण शेकडो घरांनी मिळून पाळलेला नियम पुन्हा घडवणं अवघड.

सभेत मी एवढंच म्हटलं: तुमच्याकडे पाट नाही, टाकी आहे. पण सुट्टीत पाणी कोण घालणार आणि तेव्हा निघालेली भाजी कोणाची, हे आज ठरलं नाही तर मी उद्या रोप लावणार नाही.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मागून एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "तुमच्या जागल्याला पगार शहरातून यायचा का?" नाही म्हटलं, ज्यांचं पीक राखलं तेच द्यायचे. त्या म्हणाल्या, मग आमच्याकडचं हरितगृह राखायला कोणी का नव्हतं ते समजलं. तिथून सभा त्यांच्या हातात गेली. दोन तास भांडण, हसणं, पुन्हा भांडण. सरांना भाषांतर करायला सवड मिळेना आणि मला त्याची गरजही वाटेना.

ठरलं ते असं. जमिनीचे चार फड. एकात मका आणि घेवडा, एकात भाजी, म्हणजे डोडो नावाचा माठ, नाकाती, सुकुमाविकी अशा तिथल्या पालेभाज्या, एकात रताळी, आणि खालच्या ओलसर अंगाला कायमची केळी. पहिल्या तिघांत पीक दरवर्षी फिरवायचं. पी-चार ते पी-सात अशा चारही वर्गांना प्रत्येक फडात एक-एक पट्टी, म्हणजे "आमच्या फडाला पाणी, तुमच्या नाही" असं म्हणायला वावच नाही. सत्रात निघालेली भाजी पातेल्यात, शिक्षकांच्या घरी नाही. यावर दोन शिक्षक नाराज झाले, आधी ते न्यायचे. सुट्टीत चालत येण्याच्या अंतरावरची घरं पाळीनं पाणी घालतील आणि सुट्टीत तयार होईल ते त्या घरांचं. रात्रीच्या राखणीला एक जागल्या, त्याला मका निघाल्यावर ठरलेली मापं. मोठ्या सुट्टीच्या आधी भाजीचा फड रिकामा करायचा, जमिनीत राहील आणि पाणी कमी लागेल तेच ठेवायचं. हे शेवटचं मी सुचवलं. कोरड्या दिवसांत माणसांवर जितका कमी भार टाकावा तितकी व्यवस्था जास्त टिकते.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचं उदाहरणही मी दिलं. तिथल्या लोकांनी आपलं जंगल राखलं ते गावानं स्वतःच घालून घेतलेल्या नियमांवर. त्या कामासाठी चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. शाळेच्या सहली मी तिथे नेल्या होत्या, मोबाईलमधले फोटो सभेत हातोहात फिरले. माझ्या मते आपल्याकडून परदेशात न्यावं असं काही असेल तर ते हे आहे.

केळीविषयी सासरकडच्यांना सविस्तर लिहायचं कबूल केलं होतं, म्हणून आता ते. तिथल्या केळीला जिवाणूंमुळे होणारा मर रोग आहे. इथिओपियात १९६८ मध्ये त्याची नोंद झाली, युगांडात २००१ मध्ये तो आला. पानं पिवळी पडून लोंबतात, घड अवेळी वेडावाकडा पिकतो, केळ कापलं तर आत तपकिरी डाग, खोड कापलं तर पिवळसर स्राव. औषध नाही. पसरतो मुख्यतः दोन वाटांनी: केळफुलावर येणाऱ्या कीटकांमुळे आणि माणसाच्या हत्यारांमुळे. म्हणून शेवटची फणी सुटली की केळफूल काढायचं, पण विळ्यानं नाही. शेंड्याला दोन फाटे असलेली लांब काठी घ्यायची, केळफुलाचा दांडा फाट्यात धरायचा आणि पिळायचा. पट्‌दिशी तुटतं, लोखंड लागतच नाही. मुलांचं ते आवडतं काम झालं. कोयता वापरलाच तर प्रत्येक झाडानंतर विस्तवावर तापवायचा किंवा ब्लीचमध्ये बुडवायचा. पूर्वी सगळं बेट खणून काढायचे, आता रोगट खोड तेवढं लगेच कापून काढतात. हरण्या रोगानं यावल-रावेरच्या बागा उपटाव्या लागल्या ते दिवस मी पाहिले आहेत, त्यामुळे तिथल्या एका आजोबांनी पिवळं पान दाखवताना त्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटला. आमच्या दिरांनी मातोकेचा एक कंद आणायला सांगितला होता. मी आणला नाही आणि आणणारही नाही. हा रोग भारतात नाही. परत निघताना मी शेतात वापरलेले बूटसुद्धा धुऊन तिथेच देऊन आले. कोणी जात असाल तर कळकळीनं सांगते, जाताना बियाणं नेऊ नका, येताना रोप आणू नका.

मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आली. आफ्रिकेत ती २०१६ मध्ये आली, आपल्याकडे २०१८ मध्ये. शिरपूर-शिंदखेड्याच्या मक्यात मी तिला पाहिलेली होती. मुलांनी रोज सकाळी पानांमागचे अंड्यांचे पुंजके चिरडले, पोंग्यात चिमूटभर राख आणि बारीक माती टाकली. एवढ्या लहान शेतात ते पुरलं.

रताळ्याबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण सगळ्या व्यवस्थेचा कस तिथे लागला. आतून नारिंगी असलेलं रताळं तिथे मुद्दाम लावायला सांगतात. त्यात अ जीवनसत्त्व करणारं द्रव्य असतं, लहान मुलांच्या डोळ्यांसाठी फार मोलाचं. या आणि अशाच पोषक पिकांच्या कामासाठी २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार ज्या चौघांना मिळाला त्यांत युगांडाचे रॉबर्ट म्वांगा होते. रताळ्याची लागवड वेलाच्या तुकड्यांपासून. म्हणजे मार्चच्या पावसात लावायचं तर जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत वेल हिरवा राखावा लागतो. नेमका सुट्टीत. वेल वाळला तर लागवडीला बेणंच नाही. टाकीच्या नळाखाली हात धुतल्याचं पाणी जिरायचं तिथे आम्ही वेलांचा एक वाफा केला, वर केळीच्या पानांची सावली. पहिलं सत्र संपल्यावर मी परतले, तेव्हा मोठी सुट्टी यायची होती.

डिसेंबरात शाळा बंद झाली. सर अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवायचे. नाताळच्या आठवड्यात दोन घरांची पाळी चुकली. तिसऱ्या घरच्या आजींनी जाऊन त्यांना जाब विचारला, त्याच आजी ज्यांनी जागल्याच्या पगाराचं विचारलं होतं. जानेवारीत टाकी तळाला गेली, तेव्हा पाळीच्या घरांनी खालच्या झऱ्यावरून जेरीकॅननं पाणी आणलं, फक्त वेलांपुरतं. मक्याच्या जागी पेरलेलं थोडं काही वाळलं. वेल राहिला.

मार्चचा पहिला पाऊस झाल्यावर सरांनी फोटो पाठवले. वीतभर-दीडवीत लांबीचे तुकडे, जुड्या बांधलेल्या. वेल इतका झाला की शाळेचा फड लावून उरला, आणि गाव वेल मागायला आलं. ज्यांनी पाळी केली नव्हती तेही आले. पुन्हा सभा. ठरलं की आधी पाळी केलेल्या घरांना, मग ज्या मुलांच्या घरून जेवणाचा वाटा येऊ शकत नाही त्यांच्या घरी, मग उरलं तर बाकीच्यांना, प्रत्येकी एक जुडी. जागल्याला दोन. दुसरा क्रमांक कोणी सुचवला ते मी विचारलं. स्वयंपाकाच्या बायांनी.

यंदा वर्ग वर सरकले. पी-सातची मुलं परीक्षा देऊन बाहेर पडली, नवी पी-चार आली, आणि त्यांना कुठल्या पट्ट्या द्यायच्या हा प्रश्न उभा राहिला. टाकीजवळच्या पट्ट्या सगळ्यांनाच हव्यात. सरांनी मला विचारलं, तुमच्या फडात काय करतात? मी माहेरी फोन करून आप्पांना विचारलं. ते म्हणाले, तुकडे ठरलेले असतात, बदलत नाहीत, पण पाणी नीट खालपर्यंत गेलं तर तक्रार राहत नाही. मी तसं कळवलं. दोन दिवसांनी सरांचा निरोप आला: मुलांना ते पटलं नाही, त्यांनी चिठ्ठ्या टाकायचं ठरवलं आहे, दरवर्षी नव्या.